सर्वांसाठी की निवडलेल्यांसाठी? : सेरामपूरच्या मराठी ग्रंथांमागील तारणविषयक वाद

अव्वल इंग्रजी काळातील मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना विल्यम केरी (१७६१–१८३४) याचे नाव टाळता येत नाही. १८०५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे मराठी व्याकरण, १८१० चा कोश आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडलेली ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ यांसारखी पुस्तके यांची नोंद आपले वाङ्मयेतिहासकार नियमाने करतात. (हे सेरामपूर हुगळीकाठचे, त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखालचे, नगर जिल्ह्यातील श्रीरामपुराशी त्याचा संबंध नाही.) परंतु नॉर्दम्प्टनशरच्या एका खेड्यातील चांभारकाम करणाऱ्या माणसाला मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये बसून मराठीचे व्याकरण रचावेसे का वाटले, या प्रश्नाचे उत्तर ‘धर्मप्रसारासाठी’ या एका शब्दात उरकले जाते. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. केरी पुढे ज्या पंथात सामील झाला, त्या पंथात परधर्मीयांना ख्रिस्ताकडे बोलावणे हे कर्तव्य तर नव्हतेच. कित्येकांच्या मते ते ईश्वरी संकल्पात ढवळाढवळ करण्यासारखे होते. केरीच्या मराठी व्याकरणामागे म्हणून एक जुना, कडवट आणि अतिशय सूक्ष्म असा धर्मशास्त्रीय वाद उभा आहे. ईश्वराचे तारण कोणासाठी आहे, असा तो वाद होता.

नव्या करारात या वादाची दोन्ही बीजे सापडतात. मार्कच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताचा प्राण ‘पुष्कळांसाठी’ दिला गेल्याचे म्हटले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तोच ‘सर्वांसाठी’ दिल्याचे म्हटले आहे. ‘पुष्कळ’ म्हणजे सर्व, की ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारच्या लोकांतील काही? या दोन शब्दांच्या मधल्या अरुंद जागेत युरोपने कित्येक शतके वाद घातला. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने तोडगा काढला होता: ख्रिस्ताचे बलिदान सर्वांना पुरेसे आहे, फलदायी मात्र निवडलेल्यांनाच होते. तोडगा चतुर होता, आणि चतुर तोडग्यांप्रमाणे त्याने भांडण मिटवले नाही, पुढे ढकलले. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमांचे निवेदन देऊन ख्रिस्त प्रत्येक माणसासाठी मेला असे प्रतिपादन केले. १६१८–१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ते नाकारले. धर्मसभेच्या मते बलिदानाचे मोल अवघ्या जगाच्या पापाला पुरेसे होते, परंतु त्यामागील ईश्वराचा हेतू निवडलेल्यांपुरताच होता.

इंग्लंडमधील बॅप्टिस्ट याच रेषेवर दुभंगले. थॉमस हेल्विसने १६१२ च्या सुमारास लंडनजवळ स्थापन केलेली मंडळी तारण सर्वांसाठी मानणारी होती, म्हणून त्या परंपरेला ‘जनरल बॅप्टिस्ट’ हे नाव पडले; निवडलेल्यांपुरते तारण मानणारे ‘पर्टिक्युलर बॅप्टिस्ट’ म्हणून ओळखले गेले. केरी या दुसऱ्या गटातला. अठराव्या शतकात या गटाची शिकवण अधिकच ताठर होत गेली. लंडनचा विद्वान धर्मोपदेशक जॉन गिल (१६९७–१७७१) याच्या प्रभावाखालील मंडळींत उपदेशक ख्रिस्ताचे गुणगान करीत, तारणाची प्रक्रिया समजावून देत. पण समोर बसलेल्या सामान्य श्रोत्याला ‘तू विश्वास ठेव’ असे सांगणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. ज्याला ईश्वराने विश्वासाची शक्तीच दिली नाही, त्याला विश्वास ठेवण्याची आज्ञा कशी करावी? १७३७ साली रॉथवेलच्या मॅथायस मॉरिसने या प्रश्नावर पुस्तिका लिहिली आणि तेव्हापासून हा वाद ‘आधुनिक प्रश्न’ या नावाने ओळखला जाऊ लागला. याच सुमारास, १७३९ मध्ये, जॉन वेस्लीने मुक्त कृपेवरील प्रवचनात पूर्वनिवडीच्या सिद्धांतावर उघड हल्ला चढवला आणि त्यावरून जॉर्ज व्हाइटफील्डशी त्याचे बिनसले. परंतु पर्टिक्युलर बॅप्टिस्टांवर वेस्लीचा परिणाम होण्याजोगा नव्हता. त्यांचा कोंडा फुटायचा तर तो आतूनच फुटायला हवा होता.

तो फोडला अँड्र्यू फुलरने. सोहम या गावी वाढलेला आणि १७८२ पासून केटरिंग येथे धर्मोपदेशक असलेला फुलर (१७५४–१८१५) हा शेतकऱ्याचा मुलगा. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही. तरुणपणी स्वतःच्या पापाच्या जाणिवेने तळमळत असताना ‘ख्रिस्ताकडे जाण्याचा मला अधिकार आहे काय’ हा प्रश्न त्याला महिनोन्‌महिने छळत होता. गिलच्या परंपरेत वाढलेल्या मुलाला तसा अधिकार आहे असे कोणी सांगितलेलेच नव्हते. पुढे अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्सचा इच्छास्वातंत्र्यावरील १७५४ चा ग्रंथ त्याच्या वाचनात आला आणि त्यातील एका भेदाने त्याची वाट मोकळी केली. असमर्थता दोन प्रकारची असते: नैसर्गिक आणि नैतिक. आंधळा पाहू शकत नाही ही पहिली. द्वेष करणारा प्रेम करू शकत नाही ही दुसरी. पहिल्याला दोष नाही. दुसऱ्याला आहे, कारण त्याची अडचण शक्तीची नसून इच्छेची असते. विश्वास न ठेवणे या दुसऱ्या प्रकारात मोडते. तेव्हा विश्वास ठेवणे हे प्रत्येक माणसाचे कर्तव्य ठरते, आणि ते कर्तव्य ठरले की प्रत्येकाला बोलावणे हे उपदेशकाचेही कर्तव्य होते. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या फुलरच्या ग्रंथाचे शीर्षकच, शुभवर्तमान सर्वांनी स्वीकारण्यास योग्य आहे, असे सांगणारे होते. ते तीमथ्याच्याच पत्रातून घेतलेले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. फुलरने पूर्वनिवडीचा सिद्धांत सोडला नाही. अखेर तारले जाणारे तेच, ज्यांना ईश्वराने निवडले, हे त्याने कधी नाकारले नाही. जनरल बॅप्टिस्टांचा पुढारी डॅन टेलर याच्याशी त्याचा याच मुद्द्यावर दीर्घ वाद झाला. फुलरचे म्हणणे एवढेच की निवडलेले कोण हे माणसाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवरून आमंत्रणाची यादी करता येत नाही. दार सर्वांसमोर उघडे, आत कोण जाईल ते ईश्वराच्या हाती. हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने पूर्ण समाधान देत नाही. परंतु इतिहासात पुष्कळदा अपुरे समाधान देणारा विचारच माणसांना हालचाल करावयास लावतो.

केरीने या विचाराला भूगोल दिला. दुकानात जोडे शिवताना भिंतीवर हाताने काढलेला जगाचा नकाशा टांगणाऱ्या या माणसाने १७९२ साली परधर्मीयांच्या धर्मांतराविषयीच्या ख्रिस्ती लोकांच्या कर्तव्याचा ‘शोध’ घेणारी पुस्तिका लिहिली. एका ज्येष्ठाने ‘ईश्वराला करायचे असेल तर तो तुझ्या मदतीवाचून करील’ अशा अर्थाच्या शब्दांत त्याला खाली बसवल्याची आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. त्या ज्येष्ठाच्या, म्हणजे थोरल्या रायलंडच्या, मुलाने मात्र ती नाकारली होती. आख्यायिका खरी नसेलही, पण वातावरण तिने अचूक पकडले आहे. पुस्तिकेचा सर्वांत बोलका भाग म्हणजे तिच्यातील कोष्टके. देशामागून देश, त्यांची लांबीरुंदी, लोकसंख्या, धर्म. जगाची लोकसंख्या केरीने ७३ कोटी १० लाख धरली आणि त्यांपैकी ४२ कोटी लोक ख्रिस्ती, यहुदी वा इस्लामी धर्माबाहेरचे मोजले. हे आकडे आजच्या कसोटीला उतरोत वा न उतरोत. ‘सर्व’ या धर्मशास्त्रीय शब्दाची कोणीतरी बेरीज करून पाहिली, ही गोष्ट महत्त्वाची. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका विधवेच्या घरी संस्था स्थापन झाली. वर्गणी जमली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. संस्थेच्या नावात ‘पर्टिक्युलर’ हा शब्द होता. ज्यांच्या मते ख्रिस्त निवडलेल्यांसाठी मेला, ते जगभर सर्वांना बोलावण्यास निघाले. आणि तो सर्वांसाठी मेला असे पहिल्यापासून मानणाऱ्या जनरल बॅप्टिस्टांना स्वतःची संस्था काढण्यास १८१६ साल उजाडले, तिचे पहिले धर्मोपदेशक कटकला पोहोचले १८२२ मध्ये.

केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरला. काही वर्षे निळीच्या कारखान्यावर काढल्यानंतर जानेवारी १८०० मध्ये तो सेरामपूरला मार्शमन आणि वॉर्ड यांना येऊन मिळाला. ‘सर्वांसाठी’ या शब्दाची येथील परीक्षा युरोपातल्यापेक्षा निराळी होती. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत बाप्तिस्मा घेतलेला कृष्ण पाल हा सुतार. त्याने त्याआधी मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवण केले होते, आणि खरी खळबळ माजली ती या जेवणाने. १८०३ मध्ये त्याच्या मुलीचा विवाह कृष्णप्रसाद या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी लागला. दक्षिणेत डॅनिश आश्रयाखालीच १७०६ पासून चाललेल्या तरंगंबाडीच्या मिशनने मात्र शूद्र आणि परैयर यांना प्रार्थनामंदिरात वेगवेगळे बसू दिले होते. तंजावरच्या मराठा राज्यातील मंडळ्यांतही तोच शिरस्ता पुढे चालला. सरफोजीराजांना पुत्रवत मानणाऱ्या श्वार्ट्‌झसारख्या थोर माणसालाही तो मोडता आला नाही. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सनने चर्चमधील जातिभेद सोडण्याचा आदेश काढला तेव्हा तंजावर भागात मोठा विरोध झाला. वारकरी परंपरेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. भक्तीचा अधिकार सर्वांना सांगणाऱ्या पंढरपुरात चोखामेळ्याची जागा पायरीशी होती, आणि ते मंदिर अस्पृश्यांसाठी खुले होण्यास १९४७ साल यावे लागले.

सेरामपूरकरही या विसंगतीतून सर्वस्वी सुटले नाहीत. फक्त त्यांची रेषा दुसऱ्या ठिकाणी होती. जात न मानणाऱ्या त्यांच्या प्रभुभोजनाच्या मेजावर, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या इतर पंथांच्या ख्रिस्ती माणसाला बसता येईल काय, यावर त्यांच्यात वर्षानुवर्षे खल झाला. काही काळ मेज खुले राहिले. १८११ मध्ये ते पुन्हा बंद झाले, आणि ते बंद व्हावे असा आग्रह धरणाऱ्यांत अग्रभागी होता तो स्वतः फुलर.

याहून खोल पेच राममोहन रायांनी उभा केला. १८२० साली त्यांनी येशूच्या नीतिवचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. चमत्कार आणि सिद्धांत त्यातून वगळले. ही वचने माणसाला शांती आणि सुखाकडे नेण्यास पुरेशी आहेत, अशी त्यांची भूमिका. मार्शमनने ती फेटाळली: बलिदानाने होणाऱ्या प्रायश्चित्तावाचून तारण नाही. राममोहनांनी एकामागून एक तीन प्रत्युत्तरे लिहिली. त्यांच्याशी चर्चा करता करता विल्यम अ‍ॅडम हा बॅप्टिस्ट मिशनरीच १८२१ मध्ये एकेश्वरवादी झाला आणि कलकत्त्यातील गोऱ्यांनी त्याची ‘दुसरा पतित आदम’ अशी थट्टा केली. तिसरे प्रत्युत्तर (१८२३) छापण्यास बॅप्टिस्ट मिशनच्या कलकत्त्यातील छापखान्याने नकार दिला; राममोहनांनी स्वतःचा छापखाना उभा केला. या वादात मार्शमनची विद्वत्ता दिसते, पण समोरच्याचा प्रश्न ऐकण्याची तयारी दिसत नाही. ‘सर्वांना खुले’ याविषयी दोघांत मतभेद नव्हताच. खुले असलेले दार एकच आहे की काय, हा प्रश्न होता, आणि इंग्लंडमधील दोनशे वर्षांच्या भांडणाने त्याची कोणतीही तयारी करून दिलेली नव्हती. मराठी मुलखातही हेच घडले. १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सनशी वाद घातला, तेव्हा ‘शूद्रांना, स्त्रियांनाही ईश्वर भेटतो’ हा मराठी श्रोत्यांना नवा विचार नव्हता. संतांनी तो केव्हाच सांगून ठेवला होता. नवी होती ती ‘याच एका नावाने’ ही अट.

केरीच्या मराठी कार्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यातील काही निवडी उलगडतात. त्याने मराठी कोशासाठी आणि १८११ च्या नव्या करारासाठी मोडीचा ठसा वापरला. बाळबोध ही शास्त्री-पंडितांची, मोडी ही व्यवहाराची लिपी. आमंत्रण सर्वांसाठी असेल तर ते व्यवहाराच्या लिपीत जावे, हे तर्काला धरून होते. प्रत्यक्षात मोडी वाचणारेही कारकून, कुळकर्णी आणि सावकारच होते, आणि हुगळीकाठी बसून घडवलेली मराठी मुंबई-पुण्याच्या वाचकाला परकी वाटे, ही गोष्ट वेगळी. ११ मार्च १८१२ च्या आगीत छापखान्यातील कितीतरी ठसे आणि हस्तलिखिते जळाली. काम काही महिन्यांत पुन्हा सुरू झाले.

मराठी प्रोटेस्टंट परंपरेत पुढे रुजलेला ‘तारण’ हा शब्द या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ या शब्दांमागे जन्ममरणाच्या फेऱ्याचे दर्शन उभे असते. ‘तारण’ त्यापेक्षा हलका, बोलीतला. त्यात तरून जाणे आहे, आणि सावकारी व्यवहारात कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूलाही मराठी माणूस तारणच म्हणतो. कोणाच्या कर्जापोटी काय ठेवले गेले आणि किती जणांचे कर्ज त्यातून फिटले, हाच तर डॉर्टपासूनचा वाद होता.

सेरामपूरचा मराठी नवा करार फार काळ चालला नाही. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. त्यांच्यातील गॉर्डन हॉल हा न्यू इंग्लंडच्या ज्या विचारपरंपरेत घडला, ती जोनाथन एडवर्ड्सच्या शिष्यांची होती. ख्रिस्ताचे प्रायश्चित्त सर्व मानवांसाठी आहे, असे या शिष्यांनी फुलरच्याही एक पाऊल पुढे जाऊन मांडले होते. एकाच ग्रंथकाराचे दोन वाचकवर्ग, एक नॉर्दम्प्टनशरमधून आणि एक मॅसॅच्युसेट्समधून, असे मराठीपाशी येऊन पोहोचले. अमेरिकन मंडळींचा नवा करार मुंबईत १८२६ साली छापून झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गॉर्डन हॉलचा मृत्यू झाला.