टोपीवरचा बिल्ला : कोरेगावच्या स्तंभापासून कामठीच्या गरुडापर्यंत

पलटणीने आपल्या इतिहासातील नेमके काय जपावयाचे ठरविले, हे तिच्या सैनिकांच्या टोपीवरील बिल्ल्यावरून कळते. ही निवड कायमची असतेच असे नाही. हिंगण्याहून नागपूर शहर ओलांडून ईशान्येला गेल्यावर लागणाऱ्या कामठी छावणीशी असे दोन बिल्ले निगडित आहेत.

महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. दुसरी कामठीत उभारण्यात आली. याच दुसऱ्या बटालियनमधील कॅप्टन मॉर्टलमन्स यांनी रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्याची रचना केली. त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि 'महार' हा शब्द होता.

स्तंभाची निवड सहजासहजी झालेली नव्हती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे जे शिपाई पडले, त्यांत अनेक महार होते. त्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. असे असूनही १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन महारांची भरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धाची निकड भासताच १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडलीही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोरेगावला भेट दिली. १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर नियुक्ती झाल्यानंतर त्यांनी स्वतंत्र महार रेजिमेंटचा पाठपुरावा केला. हा सारा झगडा त्या बोटभर धातूत सामावलेला होता.

ऑक्टोबर १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली. आजच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन दिसतात आणि स्तंभाच्या जागी कट्यार आहे. 'यश सिद्धी' हे तिचे ब्रीद. कट्यार कोणत्याही पलटणीला शोभली असती. स्तंभ मात्र याच पलटणीचा होता.

टोपीवर बिल्ला लावण्याची ही प्रथा ब्रिटिश लष्कराकडून आली. तेथील आयरिश पलटणी वीणेसारखे हार्प हे वाद्य, त्यावर राजमुकुट आणि शॅमरॉकचे त्रिदल पान मिरवीत. हार्प आयर्लंडचा, मुकुट इंग्लंडच्या राजाचा. दोन निष्ठांची ही जोडी पुढे अवघड ठरली. रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या बिल्ल्यावर तर चक्क वाघ आणि हत्ती होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास व मुंबई येथील युरोपीय पलटणींतून ती १८८१ मध्ये आकाराला आली होती, त्याची ही खूण. आयर्लंड स्वतंत्र होताना, १९२२ मध्ये, दक्षिण आयर्लंडमध्ये भरती होणाऱ्या पाच पायदळ पलटणी विसर्जित झाल्या. त्यांत डब्लिन फ्युझिलियर्सही होती, आणि तिच्याबरोबर तो बिल्लाही संग्रहालयात गेला.

भारतात मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. मराठा लाइट इन्फंट्रीने मात्र चपळ पायदळाची जुनी खूण असलेले बिगुल आजतागायत सोडलेले नाही.

कामठीशी निगडित असलेला दुसरा बिल्ला गरुडाचा. कामठी हे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. १९४९ मध्ये जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटच्या जुन्या बटालियन एकत्र आणून ती घडविण्यात आली. जात, धर्म वा प्रांत न पाहता साऱ्या भारतातून भरती करावयाची, हे तिचे मूळ धोरण. त्यामुळे कोणा एका समाजाचे वा युद्धभूमीचे चिन्ह तिला चालण्याजोगे नव्हते. विष्णूचे वाहन असलेला गरुड निवडला गेला. 'पहला हमेशा पहला' हे तिचे ब्रीद. १९७१ च्या युद्धात गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी लान्स नायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटच्या चौदाव्या बटालियनचे होते.

महार रेजिमेंटमध्येही आता सर्व समाजांतील जवान असतात. १९८७ मध्ये श्रीलंकेत वीरमरण आलेले तिचे परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले तमिळ अधिकारी होते.