ख्रिस्त की ख्रेस्तुस? एका अक्षरावर अडलेला इतिहास

इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोमला लागलेली आग शमली, तेव्हा शहराच्या चौदा विभागांपैकी केवळ चारच अबाधित उरले होते. आग सम्राट नीरोनेच लावली, अशी कुजबुज सुरू झाली. ती दडपण्यासाठी नीरोने एका अप्रिय पंथाच्या लोकांवर आळ घेतला आणि त्यांचे हालहाल करून त्यांना ठार मारले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. या पंथाला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या ख्रिस्ताला तिबेरियस सम्राटाच्या कारकिर्दीत पाँटियस पायलटने देहदंड दिला, हेही तो जाता जाता नोंदवतो. मराठी बायबलचा वाचक या पायलटला 'पंतय पिलात' म्हणून ओळखतो.

टॅसिटसने हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे पन्नास वर्षांनी. ख्रिस्ती धर्माच्या उगमाविषयी त्या धर्माबाहेरच्या लेखकांनी लिहिलेला आरंभीचा मजकूर फारच थोडा आहे. टॅसिटस, सुएटोनियस व धाकटा प्लिनी यांच्या लॅटिन नोंदी आणि ज्यू इतिहासकार जोसेफसचे ग्रीक उल्लेख एकत्र केले तरी काही पानेच भरतील. एवढ्याशा मजकुरावर श्रद्धावंतांनी आणि संशयवाद्यांनीही मोठमोठे इमले रचले आहेत. मूळ शब्द काय होते, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे पडतो.

टॅसिटसच्या ग्रंथाचा हा भाग अकराव्या शतकातील एका हस्तप्रतीमुळे टिकला. इटलीतील माँटे कॅसिनोच्या मठात लिहिली गेलेली ही प्रत आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. तिच्यात 'ख्रिस्तियानोस' या शब्दातील 'इ' हे अक्षर खाडाखोड करून लिहिलेले दिसते. जॉर्ज आंद्रेसन या जर्मन अभ्यासकाने १९०२ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. पुढे अतिनील किरणांखाली केलेल्या तपासणीत, तेथे आधी 'ए' असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे लेखनिकाने प्रथम 'ख्रेस्तियानोस' असे लिहिले होते.

मग हा वेगळाच पंथ होता काय? तशी शंका अधूनमधून काढली जाते, पण ती टिकत नाही. ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस' म्हणजे अभिषिक्त आणि 'ख्रेस्तोस' म्हणजे सज्जन, उपयोगी. दोन्ही शब्दांचे उच्चार काळाच्या ओघात जवळजवळ सारखे झाले. 'ख्रेस्तोस' हे गुलामांमध्ये सर्रास आढळणारे नाव असल्याने रोमन कानांना तेच ओळखीचे होते. लोक आपले नावही धड उच्चारत नाहीत, अशी तक्रार तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने केली आहे. एवढेच काय, चौथ्या शतकातील 'कोडेक्स सिनायटिकस' या बायबलच्या ग्रीक हस्तप्रतीतही मूळ लेखनिकाने 'ख्रिस्ती' हा शब्द 'ए'कारानेच लिहिला आहे. ख्रिस्ती लेखनिकच तसे लिहीत होते, तर रोमन जमावाच्या तोंडच्या शब्दाला दोष कसा द्यावा?

सुएटोनियसच्या बाबतीत हाच स्वर अधिक अवघड ठरतो. 'ख्रेस्तुस'च्या चिथावणीने सतत दंगे करणाऱ्या ज्यूंना क्लॉडियस सम्राटाने रोममधून हाकलले, असे एकच वाक्य तो लिहितो. हा ख्रेस्तुस म्हणजे ख्रिस्तच आणि दंगे म्हणजे त्याच्या नावावरून ज्यू वस्त्यांत पेटलेले वाद, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण तो त्या नावाचा कुणी सामान्य माणूसही असू शकतो. त्यातच लॅटिनमध्ये मराठीप्रमाणेच निश्चिततादर्शक उपपद नाही. त्यामुळे जे ज्यू दंगे करीत होते तेवढेच हाकलले, की ज्यू दंगे करीत होते म्हणून सर्वांनाच हाकलले, हे वाक्यावरून ठरत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकानुसार सर्व ज्यूंना रोम सोडण्याची आज्ञा झाली होती. तिसऱ्या शतकातील इतिहासकार डिओ मात्र क्लॉडियसने त्यांना हाकलले नाही, केवळ त्यांच्या सभांवर बंदी घातली, असे म्हणतो. दोघे एकाच प्रसंगाविषयी बोलत आहेत की नाही, यावरही मतभेद आहेत.

व्याकरणाचा असाच पेच टॅसिटसच्या एका शब्दप्रयोगात आहे. आरोपी आग लावण्यापेक्षा 'मानवजातीच्या द्वेषा'साठी दोषी ठरले, असे तो म्हणतो. मराठीतील षष्ठीसारखीच लॅटिन षष्ठीही दुहेरी आहे. मानवजातीने केलेला द्वेष, की मानवजातीविषयी वाटणारा द्वेष? बहुतेक भाषांतरकार दुसरा अर्थ घेतात. टॅसिटसने ज्यूंविषयी अन्यत्र काढलेल्या उद्गारांशी तो जुळतोही.

या सगळ्यांत प्लिनीचे पत्र सर्वांत बोलके आहे. सुमारे इ. स. ११० ते ११३ या काळात तो काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील बिथिनिया-पाँटस प्रांताचा राज्यपाल होता. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांचे काय करावे, असे तो ट्रेजन सम्राटाला विचारतो. पण विचारण्याआधी त्याने काय केले, तेही लिहितो. तीनदा प्रश्न विचारून, धमकावूनही जे ठाम राहिले, त्यांना त्याने मृत्युदंडासाठी पाठवले. रोमन नागरिकांना रोमला रवाना केले. नाकारणाऱ्यांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहायला व ख्रिस्ताची निंदा करायला लावले.

पंथ सोडलेल्यांनी त्याला सांगितले, की ते ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला जणू देव मानून 'कार्मेन' म्हणत, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ घेत आणि नंतर साधे, निरुपद्रवी अन्न एकत्र खात. 'कार्मेन' म्हणजे गीत, तसाच मंत्र किंवा ठरीव वचनही. त्यामुळे ते स्तोत्र गात होते की एखादे वचन म्हणत होते, हे सांगता येत नाही. अन्न 'निरुपद्रवी' होते हे मुद्दाम सांगावे लागले, यावरून या लोकांविषयी कोणत्या अफवा पसरल्या असतील याची कल्पना येते. खात्री करून घेण्यासाठी प्लिनीने पंथात 'सेविका' म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींना यातना दिल्या. हाती काय लागले? अतिरेकी अंधश्रद्धा, बाकी काही नाही, असे तो कळवतो. त्या स्त्रियांची नावे त्याने लिहिलेली नाहीत. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत स्त्रियांना जबाबदारीचे स्थान होते, याचा हा महत्त्वाचा पुरावा आहे आणि तो असा छळातून निघाला आहे. ट्रेजनने उत्तरात या लोकांचा शोध घेत फिरू नये व निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, असे बजावले. या पत्रव्यवहाराची पॅरिसमध्ये मिळालेली जुनी प्रत पुढे हरवली; आजचा पाठ मुख्यत्वे व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसच्या १५०८ मधील छापील आवृत्तीवर उभा आहे.

जोसेफसच्या 'ज्यूंचा प्राचीन इतिहास' (इ. स. ९३-९४) या ग्रंथातील अडचण वेगळी आहे. अठराव्या खंडात येशूविषयी एक परिच्छेद आहे व त्यात 'हा ख्रिस्त होता' असे सरळ विधान आहे. ज्यू राहिलेल्या लेखकाच्या तोंडी ते शोभत नाही. शिवाय जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असे तिसऱ्या शतकातील ओरिगेन स्पष्ट सांगतो. जेरोमच्या लॅटिन पाठात 'तो ख्रिस्त असल्याचे मानले जाई' असे सौम्य रूप आहे. दहाव्या शतकातील एका अरबी ग्रंथातील असाच सौम्य पाठ श्लोमो पिनेस यांनी १९७१ मध्ये प्रकाशात आणला. मूळ मजकुरात ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे. सगळा परिच्छेदच प्रक्षिप्त मानणारेही आहेत. विसाव्या खंडातील 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब' हा उल्लेख मात्र बहुतेकांना अस्सल वाटतो.

पाठभेद तोलण्याचे हे शास्त्र मराठी वाचकाला परके नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे संपादक वि. सी. सुकथनकर यांनी ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात घडलेली पाठचिकित्साच संस्कृत परंपरेच्या गरजांनुसार बेतून घेतली होती.

टॅसिटसला ही माहिती मिळाली कुठून? तो पायलटला 'प्रोक्युरेटर' म्हणतो. १९६१ मध्ये कैसरियाच्या रंगमंडलात सापडलेल्या शिलालेखात पायलटचे पद 'प्रिफेक्ट' असे आहे. म्हणजे टॅसिटसने बहुधा सरकारी दप्तर पाहिले नव्हते, आपल्या काळचे रूढ पदनाम वापरले. मात्र तो प्लिनीचा मित्र होता आणि प्लिनी बिथिनियात होता त्याच सुमारास, इ. स. ११२-११३ मध्ये, तो स्वतः शेजारच्या आशिया प्रांताचा राज्यपाल होता. तेथे त्याच्यापुढेही असे खटले आले असणे अशक्य नाही.