ड्यूडलिया ट्रास्किई
(कुल–क्रॅसुलेसी). कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापलीकडील सँता बार्बरा या सु. २·६ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या बेटावरच आढळणारी ही मांसल, बहुवर्षायू ⇨ पानफुटीच्या कुलातील आहे. पाने जाड असून ती झुबक्यांनी येतात. फुले पिवळी असतात. ब्लँच ट्रास्क या हौशी निसर्गाभ्यासक महिलेने ती १९०१ मध्ये गोळा केली. जे. एन्. रोझ यांनी १९०३ मध्ये तिचे स्टायलोफायलम प्रजातीत वर्णन केले व तिला ट्रास्क यांचे नाव दिले. रीड मोरान यांनी १९४२ मध्ये तिचा समावेश ड्यूडलिया प्रजातीत केला.

योगायोग असा, की त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बेटावर ससे सोडण्यात आले. शेती व मेंढ्यांची चराई यांमुळे मूळ वनश्री तत्पूर्वीच विरळ झाली होती. बेटावर गोड्या पाण्याचा कायमचा साठा नाही. पावसाविना तगून राहण्यासाठी या वनस्पतीने पानांत साठविलेले पाणीच सशांना तिच्याकडे ओढून घेऊ लागले. १९७० पर्यंत ती नामशेष झाल्याचे मानले गेले. हा निष्कर्ष काहीसा घाईचा ठरला, कारण १९७५ मध्ये तिची पाच झाडे सापडली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने तिची नोंद संकटग्रस्त जातींत केली. केवळ कायदेशीर संरक्षणाने ससे थांबणारे नव्हते. ते बेटावरून १९८१ मध्ये पूर्णपणे हटविण्यात आले. त्यानंतर तिची संख्या वाढू लागली. आजही ती मुख्यतः खडकाळ, तीव्र उतारांवर व कड्यांवर आढळते.