चाळणी माणसाला लावली, युद्धाला नाही

सैनिक मनाने खचला तर दोष कोणाचा? दुसऱ्या महायुद्धात उतरताना अमेरिकेने उत्तर आधीच ठरवले होते: दोष त्या माणसाच्या घडणीत. म्हणून त्याला भरतीच्या दारातच गाळा. मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिवन यांनी तपासणीची पद्धत आखून दिली. प्रत्यक्षात तरुण डॉक्टरपुढे बसायचा तो काही मिनिटेच. तेवढ्यावर युद्ध संपेपर्यंत साडेसतरा लाखांच्या आसपास तरुण मानसिक कारणांवरून नाकारले गेले. पहिल्या महायुद्धाच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पट होते.

आणि तरीही ट्युनिशियात, इटलीत माणसे कोसळलीच. गाळून घेतलेली, धडधाकट ठरवलेली माणसे! शेवटी 1946 साली जॉन अपेल आणि गिल्बर्ट बीब यांनी लष्कराच्याच आकड्यांवरून दाखवले की लढाईची सवय कोणालाच होत नाही. पायदळातला साधारण सैनिक प्रत्यक्ष लढाईच्या 200 ते 240 दिवसांत निकामी होतो. म्हणजे प्रश्न तो कोण आहे हा नव्हताच, त्याला आघाडीवर किती दिवस ठेवले हा होता.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. इंग्रजांनी 'लढवय्या जाती' ठरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्यभरतीबाहेर काढले, तेव्हाही परिस्थिती सोडून माणूसच तपासला गेला. सलिवन यांना मी त्या पंगतीत बसवणार नाही, त्यांचा हेतू माणसे वाचवण्याचा होता. पण चाळणी कोणाच्या हातात आहे, हे हेतूने बदलत नाही.

आखाती युद्धानंतर अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांकडूनही प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली. इराकहून परतलेल्या एका पायदळ ब्रिगेडचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. नाव लिहिलेल्या सरकारी फॉर्ममध्ये जेवढे नैराश्य आणि आघातोत्तर तणाव दिसला, त्याच्या दुप्पट ते चौपट निनावी फॉर्ममध्ये दिसला. वस्तीत सर्वेक्षण करताना मी हे रोज पाहते. वही सरकारी दिसली की बाई म्हणते, "सगळं बरं आहे, ताई." तिला खोटारडी म्हणायचे का? सैनिकाचेही तेच आहे. त्याला बढती दिसते, सोबत्यांच्या नजरा दिसतात.

ब्रिटनने तर रीतसर प्रयोगच केला. अफगाणिस्तानातून परतलेल्या 10,190 जणांच्या पलटणींचे दोन गट पाडले. एका गटाला तपासणीनंतर त्याच्या उत्तरांनुसार सल्ला दिला, दुसऱ्याला सर्वसाधारण माहिती. 2017 साली निष्कर्ष आला: वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या मानसिक आरोग्यात लक्षणीय फरक नव्हता.