हजेरीमागचा संशय

मजूर नजरेआड झाला की काम थांबतं, असं मानणारे मालक नंदुरबारला नवे नाहीत. अमेरिकेत डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960 साली या समजुतीला 'थिअरी एक्स' म्हटलं. माणूस जबाबदारी आपणहून घेतो, ही उलट समजूत म्हणजे 'थिअरी वाय'. मालक जे गृहीत धरतो त्यावरून पहारा बसवतो, आणि पहाऱ्याखालचा मजूर हळूहळू तसाच वागू लागतो, हा त्यांचा खरा मुद्दा.

आपल्याकडे याची मुळं कंपनी सरकारच्या दफ्तरात सापडतात. तिथे भिल्ल म्हणजे लुटारू. 1825 मध्ये कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम याने त्याच भिल्लांची पलटण उभारली, तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाई. तेच 'लुटारू' शिस्तीचे शिपाई झाले. अर्थात हा विश्वास सत्तेच्या सोयीपुरता. पलटणीचं काम इतर भिल्लांना आवरण्याचंच होतं.

नंदुरबारकडच्या शहादा-तळोद्याच्या शेतात मात्र संशयच टिकला. वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचं साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरायचं. उचल आधीच खर्च झालेली, म्हणून मजुरी वाढवून मागायची सोय नाही आणि मध्येच सोडून जायचीही नाही. मन लावून राबलं काय नि कसंबसं रेटलं काय, हाती तेवढंच. अशा माणसाला आळशी म्हणणं सोपं असतं. बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणासाठी राखणदार नेमले. ज्या भिल्लांच्या जमिनी सावकारीत गेल्या होत्या, त्यांच्याकडेच चोर म्हणून पाहिलं गेलं. भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि 1972 ची श्रमिक संघटना याच चिडीतून पुढे आले. 'आळशी' ठरवलेली माणसं मोर्चे काढत होती, संप करत होती.

त्याच 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी आली, आणि मस्टर, म्हणजे हजेरीपट आला. पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात, 2006 मध्ये, नंदुरबारचा समावेश झाला. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो मोबाइल अॅपवर टाकणं सक्तीचं झालं. मातीकामाची मजुरी टेप लावून, खोदलेल्या मापावर ठरते. कमी खोदलं तर कमी पैसे. मग फोटो कशाला? बोगस नावं रोखायला म्हणावं, तर ती घुसवायला मस्टर हाती असावं लागतं. ते मजुराच्या हाती कधीच नसतं. गडबड मस्टर लिहिणाऱ्याची आणि पहारा घमेलं उचलणाऱ्यावर, हा सरळ अन्याय आहे.