एका बक्षीस-पुस्तकाची वंशावळ

बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मांतराचा हिशेब बहुतेक जण १९३५ च्या येवला परिषदेपासून मांडतात. पुस्तकांच्या बाजूने पाहिले तर तो १९०७ पर्यंत मागे जातो. भीमराव मॅट्रिक झाले, मुंबईत सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चरित्रकार असे सांगतात. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात लिहिलेल्या एका प्रस्तावनेत मात्र हा सत्कार इंग्रजी चौथीनंतरचा आहे.

वर्षाचा घोळ सोडा, त्या प्रस्तावनेतला बापलेकांचा वाद अधिक मोलाचा आहे. रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. केळुसकरांचे पुस्तक वाचून झाल्यावर मुलाने विचारले, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे? बापाचे उत्तर होते की आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड शिरेल, तो हे ग्रंथ घालवतात. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान माणसे असून मोठे झाले, ते पाहा. मुलाला ते पटले नाही. मला वाटते, धर्म सोडण्याची पहिली ठिणगी येवल्याच्या मंडपात नव्हे, या घरगुती वादात पडली.

त्याच १९०७ मध्ये मद्रासला पी. लक्ष्मी नरसू या विज्ञानाच्या प्राध्यापकांचे 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' निघाले. बुद्धिवादी नजरेने लिहिलेले हे पुस्तक बाबासाहेबांनी १९४८ मध्ये आपली प्रस्तावना जोडून पुन्हा छापवले.

दुसरी शाखा गोव्याची. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना बुद्ध प्रथम भेटला तो 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात, आणि ते मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे! पुढे सिलोनात जाऊन ते भिक्षू झाले. त्यांच्या 'भगवान बुद्ध'ने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडल्याची कथा बाजूला सारली. शस्त्रे उगारून भांडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे सुत्तनिपात या पाली ग्रंथात बुद्धच सांगतो. तो धागा आणि शाक्य-कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा कोसंबींनी पुढे आणला.

बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये हेच रोहिणीचे पाणी आहे, पण प्रसंग पुरा राजकीय झाला आहे. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव येतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत त्याच्याविरुद्ध जाते आणि तो देशत्याग पत्करतो. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत राजपुत्राने म्हातारा माणूस पाहिलाच नाही, हे बाबासाहेबांना अकलेला धरून वाटत नव्हते. पाण्याच्या तंट्यावर उभा राहिलेला बुद्ध महाडला पाण्यासाठी लढलेल्या सत्याग्रहींना परका वाटण्याचे कारणच नव्हते.

हा ग्रंथ छापायला पैसे नव्हते. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सरकारने ५०० प्रती घ्याव्यात असे सुचवले. नेहरूंनी असमर्थता कळवली. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, तोही इंग्रजीत. लाखोंनी धर्म बदलला तेव्हा त्यांच्या हाती बावीस प्रतिज्ञा होत्या, ग्रंथ नव्हता. मराठी भाषांतर १९७० चे. मधली वर्षे वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांनी आणि गायन पार्ट्यांनी निभावून नेली.

आता विहारांतून वर्षावासात या ग्रंथाचे वाचन होते. ऐकणाऱ्यांनी शेजारी कोसंबींचे पुस्तकही ठेवावे आणि रोहिणीचे प्रकरण दोन्हींत ताडून पाहावे.