मानेवर आवळा

देऊळ दाखवणारे हौशी वाटाडे ‘जंघा’ या शब्दापाशी आले की ‘म्हणजे मांडी’ असं सांगून पुढे सरकतात. मराठी कानाला जांघ ऐकू येते, त्याला ते तरी काय करणार? पण संस्कृतात जंघा म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा पाय, आपली नडगी-पोटरी. मांडीला शब्द ऊरू. मराठीत येता येता जंघा हा शब्द गुडघा ओलांडून वर चढला. शिल्पशास्त्रातली जंघा मात्र जागची हललेली नाही. खाली पीठाचे थर, त्यांवर देवकोष्ठांची उभी भिंत, ती जंघा.

तिथून सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकालीन देवळावर नजर वर न्यावी. शिखर निमुळतं होत संपतं, तो स्कंध. त्यावर आखूड ग्रीवा. खांदा झाला, मान झाली, आता डोकं हवं. तर तिथे आमलक, म्हणजे चक्क आवळा! आवळ्यासारख्या शिरा असलेली ती दगडी चकती मानेवर ठेवली, वर कलश चढवला आणि स्थपती मोकळे झाले.

नाक-डोळेही माणसाचे घेतले नाहीत. शिखराच्या दर्शनी अंगाला पुढे आलेला भाग शुकनास, पोपटाचं नाक. खिडकी म्हणजे गवाक्ष, गाईचा डोळा. मूळ शब्द ‘अक्षि’, पण समासाच्या शेवटी त्याचा ‘अक्ष’ झाला. पाणिनीच्या एका सूत्रात या बदलाला अट आहे: तो पाहणारा डोळा नसावा. वैयाकरण त्याला उदाहरण देतात ते गवाक्षाचंच. खिडकीतून आपण पाहतो, खिडकी पाहत नाही. इतका काटेकोरपणा व्याकरणालाच शोभतो.

आपल्या घरगुती शब्दांतही देह आहे, फक्त झिजलेला. गाभारा आला गर्भागारावरून. माजघरातला ‘माज’ म्हणजे मध्य. जुन्या मराठीत कंबरेलाही माजच म्हणत. (ताठ्याचा माज निराळा.) घराच्या कंबरेत बसून आपण पिढ्यान्‌पिढ्या पानं वाढली, याची कुणाला शंकाही आली नसेल.

खांबापाशी मात्र जपावं. खांब घराचा भार खांद्यावर घेतो, म्हणून दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात. तसं नाही. खांदा स्कंधापासून, खांब स्कंभापासून. स्कंभाला देह मिळाला तो वेगळ्याच वाटेने. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात सगळं विश्व तोलणारा स्कंभ वर्णिला आहे. अंतरिक्ष त्याचं पोट, द्युलोक मस्तक आणि सूर्य-चंद्र डोळे. तेव्हा खांबाला अवयव आहेत हे खरं, पण ते तिथले. खांद्याशी त्याचं नातं जोडू नये.